'पुढे'चं बटण

"पुढे, पुढे, पुढे... झालं ट्रेनिंग!" सुरक्षेचा मागचा ऑनलाइन कोर्स पत्रा कापणाऱ्या प्रेसवरच्या कामगारांनी असाच उरकला होता. म्हणून मृदुलाने खास या कारखान्यासाठी नवा बनवला होता, आणि आज जेवणाच्या सुट्टीत ते तो पहिल्यांदाच बघत असताना तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

मोबाइलवरच्या व्हिडिओत कामगारांचेच निवृत्त मिस्त्री शर्टाचं बटण लावत होते. प्रेसने त्यांच्या उजव्या हाताला दोनच बोटं ठेवली होती. बटण सारखं निसटत होतं, आणि ते लागेपर्यंत 'पुढे' दिसणारच नव्हतं.

"लावा की मिस्त्री, जेवणाची सुट्टी संपेल!" कोणीतरी ओरडलं. कुणी हसलं नाही.

शेवटी बटण लागलं. 'पुढे' उमटलं, पण कोणी दाबेना. फसला आपला कोर्स, मृदुलाला वाटलं.

तेवढ्यात त्या कामगारांमधला भोईटे उठून आपल्या प्रेसपाशी गेला. हात आत सापडू नये म्हणून दोन्ही हातांनी दोन बटणं दाबून चालवायचं मशीन एका हाताने चालावं, यासाठी एका बटणात ठोकलेली लाकडी पाचर त्याने उपटून काढली.