पाठमोरी अस्वलं

शिनोलीच्या रत्नाला अंगठ्याएवढी टेडी अस्वलं शिवायचा नाद. मंचरच्या एका दुकानात ती हातोहात खपायची. यंदाची अस्वलं तिनं वारलेल्या सासूच्या लोकरी शालीतून कापली होती.

सासूला, झुंबरबाईला, ही सून कधी चाललीच नाही. शेवटच्या दुखण्यातही म्हातारी रत्नाच्या हातचं पाणी भिंतीकडं तोंड करूनच प्यायली.

सकाळी रत्नानं अस्वलं फळीवर दाराकडं तोंड करून मांडली. चहा उतरवून आली, तर सगळी भिंतीकडं वळलेली. तिनं सरळ केली. अंगण झाडून आली, तर पुन्हा पाठमोरी.

"आईची शाल कापायला नको व्हती," तिचा नवरा सुनील दारातूनच म्हणाला.

"मेल्यावर तरी बघा म्हणावं माझ्याकडं!"

रागारागानं तिनं एका अस्वलाच्या डोक्यामागंही काळ्या मण्यांचे दोन डोळे घट्ट शिवले. "आता फिरवा तोंड, आत्याबाई. बघू कुठं फिरवताय."

खाली पडलेली कात्री उचलायला ती वाकली आणि उठून पाहते तर अस्वल जागच्या जागीच होतं, आंधळं. चारही मणी त्याच्यापुढं काढून ठेवलेले. दोरा कुठंच तुटला नव्हता. रत्नानं मारलेल्या गाठी मण्यांना अजून तशाच होत्या.