भिंतीपलीकडच्या गोगलगायी

कोबीच्या पानाखाली त्याने पुन्हा एकदा टॉर्च मारून पाहिलं. एकही गोगलगाय नव्हती. पालकावर नव्हती, कुंड्यांच्या बुडाशी नव्हती, नळाखालच्या ओलीतही नव्हती. तिन्हीसांजेच्या अर्धवट उजेडात थोरला कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि भिंतीकडे बघून हसला.

"हरला!"

"कोण हरलं?" पायरीवर भाजी निवडत बसलेल्या बायकोने विचारलं.

"कोण म्हणजे? तो पलीकडचा."

पलीकडचा म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांच्या परसांमध्ये भिंत होती, डोक्याच्या वर हातभर. आई होती तोवर घर एकच होतं. ती गेली तेव्हा धाकटा हॉस्पिटलात होता, पोटाचं मोठं ऑपरेशन झालेला. त्याला धक्का नको म्हणून थोरल्याने सांगितलंच नाही. रोज भेटायला जायचा आणि "आई बरी आहे" म्हणायचा. घरातल्या सगळ्यांनाही त्याने तेच म्हणायला लावलं. धाकटा घरी आला तेव्हा आईची खाट रिकामी होती. "मला तिचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस," एवढंच तो बोलला. त्यानंतर घरात आला तो गवंडीच.

बोलणं तुटलं, पण गोगलगायींना भिंतीचं काय? थोरला संध्याकाळी त्या वेचायचा. मारायला हात धजावत नसे, म्हणून डबा भरला की भिंतीवरून पलीकडे भिरकावायचा. सकाळी तेवढ्याच परत आलेल्या असत. शंखाची कड तुटलेली एक होती, तिला तर तो लांबून ओळखायचा. "गोगलगाय नि पोटात पाय," तो धाकट्याच्या नावाने बोटं मोडायचा, "लहानपणापासून असलाच!" धाकटा हल्ली बाहेर दिसत नाही, असं कुणी म्हणालं तर तो उडवून लावायचा. दिसत नसेल, पण गोगलगायी वेळच्या वेळी येतात ना? मग ठणठणीत आहे.

यंदा मात्र कोबीच्या पानांची पार चाळण झाली आणि तो बियाण्यांच्या दुकानातून औषधाच्या निळ्या गोळ्या घेऊन आला. गोळ्या टाकल्या तशा गोगलगायी जागच्या जागी मरून पडल्या. फेकायला काही उरलं नाही. पलीकडून काही दिवस थोड्याफार आल्या, त्याही गोळ्या खाऊन संपल्या. मग तिकडून येणंही थांबलं.

"अहो, आपण टाकायचो त्याच ते परत टाकायचे," बायको म्हणाली. "आपल्या संपल्या, त्यांच्याही संपल्या. यात हरणं-जिंकणं कसलं आलंय?"

"तू तुझी भाजी निवड. कोबी बघ कसा धरायला लागलाय."

कोबी धरायला लागला होता हे खरं. पण त्याला करमत नव्हतं, हेही खरं. संध्याकाळ झाली की सवयीने हात डब्याकडे जायचा आणि रिकामा डबा घेऊन तो उगीच वाफ्यांमधून फिरायचा. आपल्याला नक्की काय बोचतंय, ते त्याला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पाइपने झाडांना पाणी घालत होता, तेव्हा भिंतीपलीकडून हाक आली.

"भाऊजी, जरा ऐकता का?"

धाकट्याची बायको. भिंत झाल्यापासून पहिल्यांदाच. थोरला भिंतीकडे वळला, आणि लगेच त्याला राग आला. गोळ्यांवरून कुरकुर असणार. नाहीतर बायकोला पुढे करून त्याने काहीतरी चाचपायला घेतलं असणार. बोलायचंय ना, मग स्वतः ये म्हणावं, तोंड काय शिवलंय? त्याने नळ पूर्ण सोडला आणि पाइपची धार पत्र्याच्या पिंपावर धरली. तिने पुन्हा हाक मारली असावी. पिंपाच्या खडखडाटात काही ऐकू आलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी फाटक वाजलं. बाहेर धाकट्याची बायको उभी होती. केस विस्कटलेले, डोळे कोरडे.

"हे गेले," ती म्हणाली. "पहाटे."

थोरल्याने फाटकाची कडी घट्ट धरली. "असा कसा गेला? परवा-परवापर्यंत तर गोगलगायी..."

"त्या मी टाकायचे. हे वर्षभर अंथरुणालाच खिळून होते. मागच्या खिडकीशी खाट होती. संध्याकाळी तुमच्या गोगलगायी खिडकीबाहेरच्या पत्र्यावर पडल्या की म्हणायचे, 'दादा आहे.' आणि सकाळी मला परत टाकायला लावायचे. म्हणायचे, 'त्यालाही कळू दे, मी आहे.'"

थोरल्याच्या मागे येऊन उभी राहिलेली त्याची बायको पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"त्या बंद झाल्या आणि यांनी घोर लावून घेतला. मी सांगितलं, भाऊजी बरे आहेत, मी फाटकातून बघून आले. म्हणाले, 'आईच्या वेळीही तुम्ही सगळे असंच म्हणत होतात.' म्हणून तर तुम्हाला हाक मारली मी. पलीकडून नुसतं 'काय रे' म्हणाला असतात, तरी पुरलं असतं."

"औषध... औषधं तरी घेत होता ना?" थोरल्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

तिने नकारार्थी मान हलवली.

"शेवटी तोंडच उघडेनात. म्हणाले, 'दादाच राहिला नाही, आता भांडू कुणाशी?'"