वय चार ते सहा

चर्चमधल्या रविवारच्या शाळेसाठी बायबलमधल्या गोष्टींची पुस्तकं निवडता निवडता बाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. गोष्ट एकच, हरवलेल्या मेंढराची. पण चिमुरड्यांना ती रंगवायला हवी, मधल्यांना गाळलेल्या जागा भरायला हव्यात आणि मोठ्यांना प्रश्नांची उत्तरं लिहायला. दोन आठवडे खपून बाईंनी तीन टेबलं लावली, त्यांवर तीन गठ्ठे मांडले. आणि आज पाहावं तर मोठ्यांतली ही तेरा वर्षांची ताडमाड पोर पुन्हा चिमुरड्यांच्या टेबलाशी, गुडघे हनुवटीला टेकवून मेंढरू रंगवत बसलेली!

"अगं, तिसऱ्यांदा उठवतेय तुला! हे तुझं पुस्तक नाही. वर छापलंय बघ, वय चार ते सहा. वाचता येतं ना?"

"येतं, बाई."

"मग त्या जाड्या पुस्तकानं तुझं काय घोडं मारलंय?"

पोरीनं हातातला खडू काही थांबवला नाही.

"त्यात विचारलंय, मेंढरू का हरवलं? चूक कुणाची? दादा घर सोडून गेल्यापासून आमच्याकडे रोज जेवताना हेच चालतं, बाई." तिनं मेंढराचा कान अलगद पूर्ण केला. "या पुस्तकात ते नुसतं सापडतं."

बाईंनी शेजारची बुटकी खुर्ची ओढली आणि त्या कशाबशा तीत बसल्या.

"सरक जरा. हिरवा दे इकडे, गवत मी रंगवते."