डावरी गाठ

"कुणाचा म्हणून विश्वास बसणार नाही," म्हातारा हाफोका म्हणाला, "पण हे मूळ मी काओ बेटाच्या शिखरावरून, ज्वालामुखीच्या ऐन तोंडातून उपटून आणलंय. एकट्याने!"

कुणी हसलं नाही. एरवी हाफोकाने नुसतं तोंड उघडलं तरी गाव पोट धरून हसायचं. आज चटईवर बसलेली माणसं त्याच्याकडे नाही, लिसिआतेच्या मांडीजवळच्या कोयत्याकडे पाहत होती. कोयता कावाचं, कुटून पाण्यात गाळून प्यायच्या त्या गुंगीच्या झाडाचं, मूळ फोडायला आणलेला. मूळ फोडून झालं, कोयता काही जागेवर गेला नाही.

बाहेर उन्हात हाफोकाचा मुलगा फेआओ मान खाली घालून बसला होता. गळ्यात इफीच्या पानांची माळ, माफी मागणाऱ्याची. दारूच्या नशेत त्याने लिसिआतेची होडी खडकावर घातली होती, आणि याचे हात पुन्हा वल्हं धरणार नाहीत, असं लिसिआतेने साऱ्या गावासमोर सांगितलं होतं.

माफीला मूळ लागतं. तेही असंतसं नाही. बापाने लावावं, मुलाने उपटावं, असं जुनं. हाफोकाच्या वाडीत तर कावा कधी म्हातारा झालाच नव्हता. कोवळा असतानाच हाफोका तो पिऊन टाकायचा.

"वर धूरच धूर," हाफोका सांगत होता. मानेवरून घाम ओघळत होता. "मुळाला हात घातला, तर तेच मला आत ओढायला लागलं! शेवटी म्हटलं, बाबा रे, लिसिआतेच्या घरी जायचंय. तर आपणहून वर आलं."

"थट्टा पुरे, काका," लिसिआते म्हणाला.

दगडाखाली मूळ कुटलं जात होतं. 

कोपऱ्यात लिसिआतेची आई लेसिएली गाल दाबून बसली होती. जाळी विणणाऱ्याची विधवा; नवऱ्याने लावलेली कावाची वाडी ती अजून राखून होती. दाढ ठणकत होती. हाफोकाने लगबगीने एक तुकडा उचलून तिच्या हातात ठेवला.

"चावा, वहिनी. ज्वालामुखीतला माल आहे. दाढच काय, मेंदूसुद्धा बधिर होईल."

"तुझा झालाय तसा?"

तिने तुकडा फिरवून पाहिला आणि तिची बोटं एके जागी थांबली. वाढता वाढता मुळाने जाळ्याचा जुना दोर गिळला होता. दोराला गाठ होती. म्हातारीने गाठीवरून अंगठा फिरवला. मग मान वर करून हाफोकाकडे पाहिलं.

गाठ हाफोकालाही दिसली. जन्मात पहिल्यांदा त्याची गोष्ट मध्येच अडली.

"पुढे?" लेसिएलीने विचारलं.

"पुढे... परत येताना शार्क आडवे आले," तो पुटपुटला.

तिने तुकड्याचं टोक चावून घेतलं. उरलेला गाठीसकट मुठीत मिटला.

पाणी घातलं, कावा गाळून झाला. पहिलं नाव पुकारलं, "लिसिआते!" त्याने टाळी वाजवली की करवंटी त्याच्याकडे जायची; ती प्याली की माफी पक्की. टाळी वाजली नाही. बाहेर फेआओची मान आणखी खाली गेली.

लिसिआतेची नजर भांड्यावरून आईकडे वळली. "आई, मूळ कसं आहे?"

हाफोकाने डोळे मिटून घेतले.

म्हातारीने तोंडातला घोट गिळला. जीभ जड झाली होती.

"चांगलं आहे. दाढ गप्प झाली. तुझा रागही होईल. पी."

 लिसिआतेने टाळी वाजवली. करवंटी भरून आली. ती त्याने एका दमात रिकामी केली, आणि कोयता पायाने दूर सरकवला. कुणीतरी धावत जाऊन फेआओच्या गळ्यातली पानं काढली.

हाफोकाच्या जिवात जीव आला, आणि जिवामागोमाग जीभही.

"हं, तर मंडळी, त्यातला सगळ्यात थोरला शार्क मला म्हणाला—"

"हाफोका," लेसिएलीने मूठ उघडली. "शार्क राहू दे. काओच्या शिखरावर माझ्या डावऱ्या नवऱ्याची गाठ कुणी मारली, ते सांग आधी."