गोदूमावशीचा रिकामा रकाना

बाबांनो, जवळ सरका, एक गोष्ट ऐका. पृथ्वी सोडणाऱ्या शेवटच्या यानाची यादी इंदुमतीनं केली. माणसांच्या तक्त्याला तिनं नातेवाइकांचा तक्ता जोडला. ज्याला कुणीच नाही, त्याचा रकाना रिकामा ठेवून माणूस मात्र राखला. मग नातेवाइकांशेजारच्या जागांचा तक्ता जोडताना घाईत यंत्राला सांगून बसली, जुळेल तेवढंच ठेव.

यान उडाल्यावर काशीकाकूंनी विचारलं, "इंदे, तुला कडेवर घेऊन कीर्तनाला नेणारी आपल्या शेजारची गोदूमावशी कुठं बसलीय?"

इंदुमतीनं यादी पाहिली. गोदूमावशीला कुणी नातेवाईक नव्हतं; तिच्या रिकाम्या रकान्याला जागा जुळलीच नव्हती, म्हणून यंत्रानं तिचं नावच गाळलं होतं. यानात तीन जागा मोकळ्या होत्या.

"मागं फिरता येतं का गं?"

"नाही, काकू."

बाबांनो, हरिनाम घ्याल तेव्हा खाली एकटीच टाळ धरून बसलेल्या गोदूमावशीला आठवा.