लागला!

इंझोरीच्या गोजराबाईंची विहीर चाळीस फूट खोदूनही कोरडीच राहिली. तळाशी पापुद्र्यांचा दगड निघाला, म्हणून कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकणारी मंजुषा जीवाश्मांच्या शोधात महिनाभर रोज आत उतरून छिन्नीनं एकेक पापुद्रा उकलत होती. कधी नुसती शेपटी निघे, कधी चार खवले. आज मात्र डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा मासा!

"लागला! लागला!" ती आतूनच ओरडली.

झरा लागला समजून गोजराबाई कळशी अन् हळदकुंकू घेऊन धावत आल्या. मंजुषा ओशाळून दगड घेऊन वर आली.

"मावशी, मासा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं तळं होतं."

गोजराबाईंनी आणलेलं कुंकू माशालाच लावलं.

"म्हंजे यालेबी पाणी पुरलं नाही वं, माय."