सुतक दोन वाजता

बीपीच्या मशीनने तिसऱ्यांदा ‘एरर’ दाखवलं तेव्हा सपनाने बॅटऱ्या बदलल्या. चौथ्यांदाही तेच. मग तिने मशीनकडे बघायचं सोडून भाऊंकडे पाहिलं.

भाऊ मेले होते.

पेशंट सांभाळायच्या तीन महिन्यांच्या कोर्समध्ये तिने प्लास्टिकच्या माणसाला आंघोळ घातली होती, कुशीवर वळवलं होतं, नळीतून पेज भरवली होती. तो माणूस कधी मेला नव्हता. ब्युरोने तिला मुलुंडच्या या घरी पाठवून एकोणीस दिवस झाले होते. पहिलीच नोकरी, पहिलंच घर. भाऊंचा हात गार होता. तिने तो चादरीखाली घातला. उगाचच, ऊब यावी म्हणून.

बाहेर फुलवाला दाराला तोरण लावत होता. आज भाऊंच्या नातीचा, गंधालीचा साखरपुडा होता.

“मॅडम, जरा आत येता?”

भाऊंची सून शुभा अर्धी पैठणी नेसून आली. मागोमाग मुलगा देवव्रत, रेशमी झब्ब्यात. त्याने वडिलांच्या नाकाखाली बोट धरलं, बराच वेळ धरलं आणि दुसऱ्या हातावरचं घड्याळ पाहिलं. सव्वाआठ. मुहूर्त अकरा बेचाळीसचा.

मग तो पलंगाच्या कडेवर बसला. त्याचे डोळे खरोखरच भरून आले. शुभाने त्याला थोडा वेळ दिला. साधारण अर्धं मिनिट.

“आता कसला साखरपुडा,” तो म्हणाला. “दहा दिवस सुतक. मुलगा बुधवारी जर्मनीला चाललाय. म्हणजे एकदम पुढच्या वर्षी.”

“पुढच्या वर्षी काय तो येतोय! पोरीची दोन जमलेली मोडलीत. हे तिसरं मोडलं तर लोक तिलाच नावं ठेवतील.” शुभाने निऱ्या चापूनचोपून बसवल्या. “सुतक कधीपासून लागतं रे?”

“अं? कळल्यापासून.”

“मग आपल्याला दोन वाजता कळलं.”

देवव्रतने विचार केला. तो विमा कंपनीत होता. तारीख-वेळेचं महत्त्व त्याला पटत असे.

“पण हिला कळलंय ना,” त्याने सपनाकडे बोट दाखवलं.

“ही कुठे घरची आहे? हिला सुतक नाही.”

“डॉक्टरांना तरी…” सपना म्हणाली.

“बोलवू ना,” शुभा म्हणाली. “दोनला. तोपर्यंत इथून हलायचं नाही. कोणी विचारलं तर झोपलेत. आणि हे बघ सपना, रात्रीची बाई भाऊंना चांगलं ठेवून गेली आणि तू आल्यावर हे झालं, असं आम्ही ब्युरोला सांगू शकतो. सांगायची वेळ आणू नकोस, काय?”

ब्युरोत एका तक्रारीवर नाव कापत. सपना स्टुलावर बसली.

देवव्रतने नकळत उदबत्ती लावली. शुभाने ती विझवली. “वेडा आहेस का? लोकांना काय वाटेल!” तिने एसी सोळावर नेला, चादर हनुवटीपर्यंत ओढली, सासऱ्यांचं तोंड भिंतीकडे केलं आणि उरलेली पैठणी नेसायला गेली.

“उद्या मला बाहेर सोफ्यावर बसवायचं हं, डॉक्टर,” काल भाऊ सपनाला म्हणाले होते. ते तिला डॉक्टरच म्हणत. लाळ गळते म्हणून त्यांना चारचौघांत आणायचं नाही, हे घरात आधीच ठरलेलं. तरी सपनाने हो म्हटलं होतं.

दहापासून पाहुणे डोकावू लागले. “झोपलेत? झोपू दे, झोपू दे,” असं म्हणून प्रत्येकजण सुटल्यासारखा परत जाई. कोणी उंबरठा ओलांडला नाही. भाऊ जिवंत असते तरी फार फरक पडला नसता.

अकरा बेचाळीसला बाहेर टाळ्या वाजल्या.

थोड्या वेळाने गंधाली नवऱ्या मुलाला घेऊन आत आली. मागे शुभा आणि मुलाची आई मृणालिनी. दोघं भाऊंच्या पायाशी वाकली.

“भाऊ, बघा ना जरा,” गंधाली म्हणाली. “अगंबाई, पाय किती गार पडलेत!”

शुभाने सपनाकडे पाहिलं.

“एसी आहे ना, ताई,” सपना म्हणाली. आपला आवाज इतका सरळ निघाल्याची तिला किळस आली.

“आपल्या माईआजीलाही दाखवू या की आजोबांना,” मुलाने फोन काढला. त्याची आजी गुडघे धरल्यामुळे बोरीवलीहून येऊ शकली नव्हती.

“अरे नको, झोपली असेल ती,” मृणालिनी म्हणाली.

“हेही झोपलेत. बरोबरीचं स्थळ आहे!”

सगळे हसले. तोवर त्याने आजीला सांभाळणाऱ्या मुलीला व्हिडिओ कॉल लावलाही होता. पडद्यावर एक म्हातारी दिसली, पाठमोरी, पांघरूण घेतलेली. शेजारी निळ्या एप्रनमधली मुलगी.

“झोपल्यात,” ती म्हणाली.

“उठवू नकोस हं, चेतना,” मृणालिनी घाईने म्हणाली.

“चला चला, पानं वाढलीत,” शुभा म्हणाली. दोघी विहिणींनी मिळून पोरांना बाहेर काढलं. जाता जाता मुलाने चालू फोन सपनाच्या हातात दिला. “दोघांपैकी कोणीही उठलं की हाक मारा, ताई.”

दार लागलं. सपनाने फोन समोर धरला. त्यात ती स्वतः दिसत होती, रडवेली, आणि तिच्या खांद्यामागे भाऊ. पलीकडच्या चेतनाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग पलंगाकडे. शेवटी ती उठली, तिकडचं दार लावून आली आणि फोनवर ओणवली.

“आमच्या पहाटेच गेल्या,” ती पुटपुटली. “तुमचे?”